अर्धा प्रश्न

"पंधराशे पंच्याण्णव साली," एवढंच सहादेवनं वाचलं आणि घंटा वाजली. जामखेडच्या टेबलावरची. पुढचे शब्द त्याच्या ओठांपर्यंत आले होते ते तसेच तिथं राहिले, आणि तिथल्या मुलीचा आवाज आला, "शहजादा मुराद." हातातल्या कार्डावर, त्याच्या बायकोच्या, पुष्पाच्या गोल अक्षरात, तेच लिहिलं होतं. नगरच्या किल्ल्याला वेढा घालणारा अकबराचा मुलगा कोण, असा तो प्रश्न. त्यातला किल्ला अजून आला नव्हता, वेढा आला नव्हता, अकबर आला नव्हता. "बरोबर," सहादेव म्हणाला. फळ्यावर दहा गुण मांडले गेले. मागच्या रांगांतून टाळ्या पडल्या. पुढच्या दोन रांगांत संस्थेची माणसं बसली होती, तिथं कुणी हललं नाही. मगाशी पाऱ्याच्या प्रश्नाला असंच झालं होतं, त्याच्याआधी प्रवरेच्या. तेव्हा त्याला कौतुक वाटलं होतं. आता नाही. त्यानं पुढचं कार्ड उचललं, मनाशी वाचलं, आणि त्याला कळलं की हाही त्यातलाच आहे. त्याच्या खालचाही. हातातला सगळा गठ्ठा त्याला एकदम ओळखीचा वाटायला लागला, आणि ती ओळख भयंकर होती.

ही स्पर्धा सहादेव वाकचौरेनंच सुरू केली होती. जिल्ह्यातल्या कॉलेजांची सामान्यज्ञान स्पर्धा, तीन-तीन मुलांचे संघ, टेबलावर पितळी घंटा, फिरता चषक. तीन वर्षांपूर्वी तो प्राचार्यांकडे ही कल्पना घेऊन गेला तेव्हा ते म्हणाले होते, "करा, पण जबाबदारी तुमची." ते वाक्य त्याला त्या वेळी बक्षिसासारखं वाटलं होतं. इतिहासाचा अधिव्याख्याता, तोही तात्पुरता. दर जूनमध्ये संस्थेकडून नेमणुकीचा कागद यायचा आणि तो येईपर्यंत मे महिन्याची झोप उडालेली असायची. स्पर्धा यशस्वी होते, संस्थेचे अध्यक्ष काकासाहेब स्वतः येऊन बसतात, तर एखाद्या जूनमध्ये कायमचा कागदही येईल, असं त्याला आणि पुष्पाला वाटायचं. दरवर्षी तो सहा महिने प्रश्न जमवायचा. या वर्षी मात्र दुष्काळ पडला. कॉलेजातले निम्मे विद्यार्थी खडी फोडायला गेले आणि त्यांच्यासाठी धान्य गोळा करायचं काम त्याच्याकडे आलं. केडगावच्या दोन खोल्यांत टँकरच्या पाण्याची रांग कोण धरणार इथपासून दिवस सुरू व्हायचा. जानेवारी संपत आला तेव्हा त्याच्याकडे साठच प्रश्न होते. दीडशे हवे होते. तेव्हा त्यानं ट्रंकेतलं जुनं बाड काढलं. चार-पाच वर्षांपूर्वी तो नगरच्या एका साप्ताहिकात 'जिज्ञासू' या नावानं सामान्यज्ञानाचं सदर चालवायचा. दर आठवड्याला दहा प्रश्न, पुढच्या आठवड्यात उत्तरं. ते साप्ताहिक बंद पडलं, संपादक पुण्याला गेला. जिज्ञासू म्हणजे कोण, हे त्या संपादकाला आणि पुष्पाला सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं. नव्वद प्रश्न त्यानं तिथले उचलले. कार्डं पुष्पानं लिहिली. लिहिता लिहिता ती एकदा थांबली होती. "हे मागं छापून आलेत ना तुमचे?" "कोण वाचत होतं ते," तो म्हणाला होता.

"एक मिनिट, वाकचौरे सर." कोपरगावच्या संघाबरोबर आलेले प्राध्यापक औताडे उभे राहिले होते. शांत, सभ्य माणूस. "प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर येतंय. नुसत्या सालावरून. त्या साली जगात एवढं एकच घडलं काय? माझी तक्रार नाही. पण आमच्या मुलांना कळलं पाहिजे, ही स्पर्धा ज्ञानाची आहे की आणखी कशाची."

जामखेडच्या टेबलावरची ती मुलगी उभी राहिली, कुणी सांगितलं नव्हतं तरी. काळीसावळी, बारीक, निळ्या काठाची सुती साडी, उजव्या हाताच्या दोन बोटांना चिंध्या बांधलेल्या. काकासाहेब खुर्चीतूनच वळले. "नाव काय तुझं?"

"मनकर्णा भिंगारदिवे."

"भिंगारदिवे," काकासाहेबांनी आडनाव सावकाश उच्चारलं, आणि त्या सावकाशीचा अर्थ पुढच्या दोन्ही रांगांना कळला. "कुठून मिळाले तुला प्रश्न?"

"मिळाले नाहीत. मला येत होते."

"अर्ध्या प्रश्नाला उत्तर येत होतं?"

तिनं मान वळवून सहादेवकडे पाहिलं. तो तिला ओळखत नव्हता, पण ती ज्या नजरेनं पाहत होती ती अनोळखी माणसाकडे पाहायची नजर नव्हती. तिला ठाऊक आहे, त्याला वाटलं. कसं ते कळत नव्हतं, पण तिला ठाऊक आहे. आता ती तोंड उघडेल. छताचे पंखे फिरत होते आणि त्यांचा आवाज त्याच्या कानांत भरत चालला होता. आणि तेवढ्यात, भलत्याच वेळी, त्याला अकोले तालुक्यातली त्यांची विहीर आठवली. तो नऊ वर्षांचा असताना वडिलांनी त्याला गाळ काढायला दोर बांधून आत सोडलं होतं. निम्म्यावर दोर थांबला. वर कुणी पाहुणे आले होते आणि वडील त्यांच्याशी बोलत उभे राहिले होते. तो एका कपारीवर टाच टेकवून तसाच लोंबकळत राहिला. खाली काळं पाणी, वर आभाळाचा पैशाएवढा तुकडा. हाक मारली असती तर दोर लगेच हलला असता. पण पाहुण्यांसमोर ओरडलास म्हणून वडील रागावतील, या भीतीनं त्यानं हाक मारली नाही. काळोखापेक्षा त्याला हाकेचीच भीती वाटली होती.

"वाकचौरे," काकासाहेब म्हणाले, "प्रश्न आधी कुणी पाहिले होते?"

"कुणीच नाही साहेब. माझ्याकडेच होते. कुलपात." पुष्पा सोडली तर हे खरं होतं.

"मग हिला कसे कळले?"

इथं एक फट होती. एका वाक्याएवढी. साहेब, यातले बरेच प्रश्न मी पूर्वी छापले होते. त्याला ते वाक्य मनात स्पष्ट दिसलं, कर्ता, कर्म, क्रियापद. त्याच्यामागोमाग पुढच्या रांगेतलं हसू दिसलं, प्राचार्यांचा चेहरा दिसला, जून दिसला.

"मला कल्पना नाही," तो म्हणाला.

मुलीची नजर आणखी काही क्षण तशीच राहिली. मग ती खाली बसली. पुढचं सगळं दहा मिनिटांत आटोपलं. जामखेडचा संघ बाद झाला, उरलेल्या फेऱ्या त्यांच्याविना झाल्या, कोपरगावचा संघ पहिला आला. चषक मार्चमधल्या बक्षीस समारंभात द्यायचं ठरलं. जामखेडची तिन्ही मुलं हॉलच्या मधल्या वाटेनं बाहेर गेली तेव्हा सहादेव कार्डं गोळा करत होता. ती एकसारखी लागत नव्हती.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी त्याला बोलावलं. जामखेडच्या कॉलेजला पत्र गेलं पाहिजे, आणि ते संयोजकाच्या सहीनं गेलं पाहिजे. त्यानं तिथंच बसून मसुदा केला. 'संबंधित विद्यार्थिनीने प्रश्न गैरमार्गाने मिळवल्याचे दिसून येते.' दिसून येते. कुणाला दिसून येते, ते त्या वाक्यात कुठंच नव्हतं, आणि या सोयीचा त्याला आधार वाटला. सही करून बाहेर आल्यावर व्हरांड्यात त्याला घाम फुटला. फेब्रुवारीतच उन्हाळा लागला होता, म्हणून असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. पण त्यानंतरचे दिवस तो टपालाला घाबरायला लागला. शिपाई हातात पाकिटं घेऊन स्टाफरूममध्ये आला की त्याचे कान गरम व्हायचे. वर्गात निजामशाही शिकवताना चांदबिबीपाशी यायचं तो टाळू लागला. मागच्या बाकावर कुणी हसलं तर ते आपल्यालाच, असं वाटायचं. एकदा ग्रंथालयात त्या साप्ताहिकाच्या जुन्या फायली असतील का, हे पाहायला तो गेला आणि कपाटापर्यंत जाऊन परत आला. आपण त्या शोधत होतो हे ग्रंथपालाच्या लक्षात राहील, ही नवीच भीती त्याला दारातच सुचली.

पुष्पाला त्यानं स्पर्धेच्या संध्याकाळीच सगळं सांगितलं होतं; म्हणजे एक मुलगी प्रश्न चोरून आली होती, असं सांगितलं होतं. ती तांदूळ निवडत होती. "कुठले प्रश्न?" तिनं विचारलं. त्यानं दोन-तीन सांगितले. तिचा हात थांबला. ती उठली, ट्रंक ओढली, आणि कात्रणांचं बाड त्याच्यासमोर आणून ठेवलं. त्याच्या मधून एक पोस्टकार्ड सटकून जमिनीवर पडलं. पाच वर्षांपूर्वीचं, शाळकरी अक्षरातलं. 'मा. जिज्ञासू यांस. सीना नदी गोदावरीला मिळते असे आपण लिहिले आहे. सीना भीमेला मिळते. ती आमच्या तालुक्याच्या कडेने जाते. कृपया दुरुस्त करावे. आपली वाचक, कु. मनकर्णा सहादू भिंगारदिवे, मु. पो. ता. जामखेड.' त्याला आठवलं. त्यानं तिला उलट टपाली कार्ड धाडलं होतं, चूक कबूल केली होती, 'तुझ्यासारखे वाचक असतील तर लिहिण्याला अर्थ आहे' असं काहीतरी लिहिलं होतं. तेव्हा चूक कबूल करायला काही लागलं नव्हतं. तेव्हा तो जिज्ञासू होता.

"सांगून टाका," पुष्पा म्हणाली.

"पुष्पे, जून जवळ आलाय."

"जून दरवर्षीच येतो." ती पुन्हा तांदूळ निवडायला बसली.

फेब्रुवारीच्या अखेरीस जामखेडहून उत्तर आलं. आपल्या पत्रानुसार चौकशी केली; सदर विद्यार्थिनी माफीनामा लिहून देण्यास नकार देत आहे; माफीनामा मिळेपर्यंत तिचा विद्यापीठ परीक्षेचा अर्ज पुढे पाठवणार नाही; अर्जाची मुदत दहा मार्च. प्राचार्यांनी पत्र वाचून फाइलला लावायला दिलं. "हट्टी दिसतेय," एवढंच म्हणाले. सहादेव ते पत्र हातात धरून उभा राहिला. इतके दिवस त्याला ती तोंड उघडेल याची भीती होती. आता त्याच्या लक्षात आलं की तिनं तोंड उघडलेलंच नाही, कुणापुढंच नाही, आणि ही गोष्ट त्याला कितीतरी जास्त भेसूर वाटली.

रविवारी तो जामखेडच्या एस.टी.त बसला. खिशात पत्र होतं. प्राचार्यांच्या नावे, सगळं कबूल करणारं. चारदा लिहून फाडलं होतं, पाचवं खिशात होतं. खिडकीतून उघडी राखाडी रानं दिसत होती, आटलेल्या नाल्यांच्या वाळूत खड्डे काढून बसलेल्या बायका दिसत होत्या. गावात चौकशी केल्यावर कळलं, सगळी वस्ती खर्ड्याच्या रस्त्यावर दुष्काळी कामाला आहे. तो चालत निघाला. दोन-अडीच मैलांवर रस्त्याच्या कडेनं खडीचे ढीग आणि त्यांच्यामागं शे-दीडशे माणसं, आणि हातोड्यांचा एकच एक आवाज, ज्याला सुरुवात नव्हती की शेवट नव्हता.

"कोन पायजे?" डोक्यावर फडकं घेतलेल्या एका बाईनं विचारलं.

"मनकर्णा भिंगारदिवे. मी नगरच्या कॉलेजातून आलोय."

बाई उभी राहिली. "मी तिची आई, दगडाबाई. आता आनखी काय लिवून घ्यायचं ऱ्हायलंय तिच्याकडनं?"

"लिहून घ्यायला नाही आलो. सांगायला आलोय."

"चोरी केली आसती ना, तर पयलं मला सांगितलं आसतं तिनं. आमी तिला इचारलंसुदिक न्हाई." तिनं पलीकडं हाक दिली. "मन्ने! नगरचे मास्तर आल्यात."

ती आली. हातात हातोडा तसाच, बोटांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळलेले, पापण्यांवर पांढरी धूळ. तिनं नमस्कार केला नाही. तो काय बोलायचं ते एस.टी.त ठरवून आला होता, त्यातलं काही उरलं नाही.

"तुला ठाऊक होतं," तो म्हणाला.

"पहिल्याच प्रश्नाला कळलं. प्रवरेच्या. तुम्ही शब्दसुद्धा बदलले नव्हते. ग्रामपंचायतीत तो अंक यायचा, मी सगळे प्रश्न वहीत उतरून घ्यायचे. तेवढंच होतं वाचायला."

"आणि जिज्ञासू मीच, हे कसं कळलं?"

"तुमचं कार्ड आहे माझ्याकडं. आमच्या कॉलेजला स्पर्धेचं निमंत्रण आलं, ते तुमच्याच हातचं होतं. तुमचा 'ज्ञ' तसाच आहे." ती थोडी थांबली. "मला आनंद झाला होता. म्हटलं, बक्षीस घेताना सांगीन तुम्हाला."

हातोडे वाजत होते. सहादेवला बसावंसं वाटलं, पण बसायला दगडांशिवाय काही नव्हतं. "मग त्या वेळी बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल असं वाटलं," ती म्हणाली. "मी तुमच्याकडंच बघत होते."

त्यानं खिशातून पत्र काढून तिच्या हातात दिलं. धुळीचे ठसे उमटवत तिनं ते उभ्याउभ्याच वाचलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, घाई न करता. मग घडी घालून परत दिलं. "हे प्राचार्यांच्या कपाटात जाईल सर. माझ्यावरचं पत्र आमच्याकडं वर्गात वाचून दाखवलं. आणि नगरला मला दोन-तीनशे माणसांत उभं केलं होतं."

"मग मी काय करू?"

"तुम्हीपण माणसांतच सांगा."

"मन्ने," दगडाबाई दबक्या आवाजात म्हणाली, "आगं मास्तर हायेत त्ये."

"म्हणूनच म्हणते," मुलगी म्हणाली, आणि ढिगाकडे वळली.

बक्षीस समारंभ तीन मार्चला, शनिवारी दुपारी होता. त्या सकाळी सहादेव दोनदा कपडे घालून दोनदा बसला. आजारी पडल्याची चिठ्ठी पाठवता येईल, टपालानं पत्र टाकता येईल, तिचा अर्ज गेला की झालं, अर्ज काय, प्राचार्यांना खासगीत सांगूनही जाईल. एकेक वाट त्याला सुचत होती आणि प्रत्येक वाट शहाणपणाची वाटत होती. पुष्पा चांगलं लुगडं नेसली, तिनं घराला कुलूप लावलं आणि त्याच्याबरोबर निघाली. यापूर्वी ती कधी कॉलेजात आली नव्हती. हॉलमध्ये ती मागच्या रांगेत जाऊन बसली. तो स्टेजवर गेला. वर काकासाहेब, प्राचार्य, टेबलावर चषक. खाली पहिल्याच रांगेत औताडे आणि त्यांची तीन मुलं, तेल लावून भांग पाडलेली. खेळाची बक्षिसं झाली, वक्तृत्वाची झाली. मग प्राचार्यांनी त्याला खूण केली. लाउडस्पीकरपर्यंत चार पावलं होती. ती त्यानं कशी टाकली हे त्याला नंतर कधी आठवलं नाही. आठवली ती फक्त शर्टाच्या आत छातीवरून ओघळणारी घामाची रेघ.

"सामान्यज्ञान स्पर्धेचं बक्षीस," तो म्हणाला, आणि आवाज भिंतींवरून परत आला, दुसऱ्या कुणाचा तरी असावा तसा. "ते देण्याआधी मला सांगायचंय. जामखेडच्या मुलीनं प्रश्न चोरले नव्हते. ते प्रश्न जुने होते. पाच वर्षांपूर्वी छापलेले. माझेच. मी ते पुन्हा वापरले. तिनं ते तेव्हाच वाचून पाठ केले होते. प्रश्न जुने आहेत हे मला त्या दिवशी ठाऊक होतं. मला विचारलं तेव्हा मी कल्पना नाही म्हणालो. ते खोटं होतं. नंतर तिच्यावर पत्र लिहिलं, तेही मीच लिहिलं."

"वाकचौरे," मागून काकासाहेबांचा आवाज आला, हळू, "बसा खाली."

त्यानं लाउडस्पीकरचा दांडा धरला. मागच्या रांगांत तो निळ्या काठाची साडी शोधत होता, ती नव्हती. शनिवारी कामाचा दिवस, ती कशी येणार, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. "तिचं नाव मनकर्णा सहादू भिंगारदिवे," तो म्हणाला, आणि मग त्याच्यापाशी सांगण्यासारखं काही उरलं नाही.

कुणी ओरडलं नाही. कुणी हसलंही नाही, ज्याची त्याला सगळ्यात जास्त भीती होती. प्राचार्य उठून पुढच्या कार्यक्रमाचं काहीतरी बोलू लागले. चषक त्या दिवशी कुणालाच दिला गेला नाही. खाली उतरल्यावर औताडे त्याच्या वाटेत आले आणि तसेच बाजूला झाले. पुढं सगळं त्याला वाटलं होतं तसंच झालं, फक्त जास्त साधेपणानं. औताड्यांनी स्वतः जामखेडला पत्र लिहिलं. मनकर्णाचा अर्ज मुदतीच्या दोन दिवस आधी गेला, आणि ती पहिल्या वर्गात पास झाल्याचं त्यानं वर्तमानपत्रातल्या यादीत वाचलं. जूनमध्ये त्याचा नेमणुकीचा कागद आला नाही. जुलैभर तो आणि पुष्पा शेजाऱ्यांशी काय बोलायचं ते ठरवत राहिले, आणि ऑगस्टात त्याला संगमनेरकडच्या एका शाळेत जागा मिळाली. स्पर्धा पुन्हा झाली नाही.

पण हे सगळं पुढचं. त्या दुपारी तो हॉलबाहेर आला तेव्हा व्हरांड्यात ऊन तापलेलं होतं आणि खांबाशी पुष्पा उभी होती. विद्यार्थ्यांच्या एका घोळक्यानं वाट दिली. सहादेवला वाटलं होतं की एकदा बोलून टाकल्यावर काहीतरी सैल होईल, हलकं होईल. तसं काही झालं नव्हतं. आता तर लपायलाही जागा नव्हती.

"ती आली नव्हती," तो म्हणाला.

"पाहिलं मी."

"मला भीती वाटतेय, पुष्पे." हे तो कुणाला तरी पहिल्यांदाच सांगत होता. "फार भीती वाटतेय."

पुष्पानं त्याच्याकडे पाहिलं. पदरानं त्याच्या कपाळावरचा घाम टिपला, तिथंच, पोरांच्या देखत. "वाटू द्या," ती म्हणाली. "चला. केडगावची साडेपाचची गाडी सुटेल."